बशीतला चपटा जीव

बसा.

खुर्चीत बसा, जमिनीवर बसा, खिडकीच्या कट्ट्यावर बसा. पाठ ताठ नसली तरी चालेल. आज ज्यांच्याकडे बघायचं आहे त्यांना पाठीचा कणाच नाही.

श्वास आत येतोय. बाहेर जातोय. त्याला काही सांगू नका.

समोर काचेची एक उथळ बशी आहे. बशीत थोडं पाणी आहे, ओढ्यातून आणलेलं. नळाचं नको, त्यातलं क्लोरीन आजच्या पाहुण्याला सोसत नाही.

पाणी अजून हलतंय. कडेला जाऊन परत येतंय.

हलू द्या.

ते निवळेपर्यंत आपल्याला काही काम नाही.

बशीच्या तळाशी तपकिरी काहीतरी आहे. सेंटिमीटरभर लांब, अगदी चपटं. कुजलेल्या पानाचा तुकडा असावा असं वाटतं, आणि नजर पुढे जायला निघते.

जाऊ देऊ नका. तिथेच राहा.

तुकडा सरकतो.

गांडूळ पुढे जातं तेव्हा त्याचे कष्ट दिसतात. अंग लांबतं, दाटतं, पुन्हा लांबतं. इथे नुसतं सरकणं आहे. मघाशी होता तिथे आता तो नाही, एवढंच कळतं.

त्याच्या पोटाखाली असंख्य सूक्ष्म केस आहेत. ते एका लयीत हलतात. अंगातून पाझरलेला बुळबुळीत थर काचेवर पसरतो आणि त्या थरावरून तो जातो. आपली वाट आपणच अंथरत जातो.

केस तुम्हाला दिसणार नाहीत. लय दिसेल.

बघा.

आता भिंग थोडं खाली आणा.

डोकं त्रिकोणी आहे. दोन्ही बाजूंना दोन टोकं आहेत. कान असावेत असं वाटतं, पण ती ऐकत नाहीत. पाण्यात काय विरघळलं आहे त्याचा माग काढतात. आणि डोक्याच्या मधोमध दोन डोळे.

डोळे जरा तिरळे दिसतात. पांढुरका ठिपका, त्याच्या आतल्या कडेला काळा ठिपका. या डोळ्यांना भिंग नाही. तुमचा चेहरा त्यांना दिसत नाही. उजेड कुठून येतोय, तेवढं कळतं.

दिवा थोडा जवळ सरकवा.

तो वळतो. सावलीकडे निघतो.

दिवा मागे घ्या. आपण बघायला आलो आहोत.

पुन्हा एक श्वास.

या जिवाला प्लॅनेरिया म्हणतात. चपट्या कृमींपैकी हा एक. स्वच्छ ओढ्यातला दगड हळूच उलटला तर त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेला सापडतो. हाताला लागला तरी कळत नाही, इतका मऊ.

या जिवाकडे, आणि याच्या दूरदूरच्या सोयऱ्यांकडे बघण्यात एका बाईंचं सगळं आयुष्य गेलं. लिबी हेन्रिएटा हायमन. जन्म १८८८, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात. आपल्याकडे प्राणिशास्त्र शिकवणारे ‘हायमन बघा’ म्हणतात तेव्हा त्यांना कपाटातले जाडजूड खंड म्हणायचे असतात. त्या खंडांमागे एक माणूस होतं, हे बऱ्याच विद्यार्थ्यांच्या लक्षातही येत नाही.

मी त्यांना हायमनबाई म्हणणार आहे. सोबत बसायचं तर नावात थोडी जवळीक बरी.

बशी तशीच राहू द्या. थोडं मागे या.

•

१९०५ साल. फोर्ट डॉज नावाचं गाव.

सोळा वर्षांची एक मुलगी शाळेतून पहिली येऊन बाहेर पडली आहे. रानातल्या फुलांची नावं तिने पुस्तकातून शोधून काढली आहेत. फुलपाखरं आणि पतंग जमवले आहेत. पुढे काय शिकावं, कुठे शिकावं, हे सांगणारं घरात कुणी नाही. शिक्षिका व्हायला वय कमी पडतं.

ती कारखान्यात जाते. ओटच्या डब्यांवर लेबलं चिकटवते.

तिचे हात बघा.

डबा. लेबल. पुढचा डबा. लेबल.

या हातांचं पुढे काय होणार आहे ते आपल्याला माहीत आहे. ते थोडा वेळ विसरा. तिला माहीत नाही. आत्ता डबा आहे आणि लेबल आहे.

इथे जरा थांबा. असे दिवस तुमच्याही ओळखीचे असतील. हात चालू असतात. मन कुठेतरी रानात असतं.

१९०६ च्या शरदात, कामावरून घरी जाताना, तिला शाळेतल्या जुन्या बाई भेटतात. मेरी क्रॉफर्ड. वर्गात पहिली आलेली मुलगी डब्यांना लेबलं लावते हे ऐकून त्या हबकतात. त्या खटपट करतात. शिकागो विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळते.

रस्त्यात कुणीतरी थांबून विचारलं, ‘सध्या काय करतेस?’ एवढंच घडलेलं असावं.

शिकागोत ती आधी वनस्पतिशास्त्राकडे जाते. तिथल्या प्रयोगशाळेत ज्यू म्हणून मिळालेली वागणूक तिला तिथे टिकू देत नाही. मग रसायनशास्त्र, ते मनात उतरत नाही. मग प्राणिशास्त्र.

तिथे मात्र ती थांबते. १९१५ मध्ये चार्ल्स मॅनिंग चाइल्ड यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट होते, आणि पुढे १९३१ पर्यंत हायमनबाई चाइल्ड यांच्याच प्रयोगशाळेत काम करत राहतात.

आता परत या. बशी समोरच आहे.

•

इथे एक पातं येतं.

नको वाटत असेल तर क्षणभर डोळे मिटा. मग उघडा.

चपट्या जिवाचे आडवे दोन भाग झाले आहेत. डोक्याकडचा भाग सरकतच राहतो. शेपटीकडचा थोडा वेळ गप्प असतो. मग तोही हलतो.

रक्त दिसत नाही. त्याला रक्तच नाही.

वाट बघा.

आज काही होणार नाही. उद्या कापलेल्या कडेवर फिकट, पांढुरका कोंब दिसेल; अजून त्यात रंग भरलेला नसेल. त्याच्या अंगभर विखुरलेल्या काही पेशी आहेत, ज्या कुठलंही अंग घडवू शकतात. त्या जखमेकडे निघाल्या आहेत. पावलांचा आवाज नाही.

परवाही फारसं काही नाही.

आठवडा उलटता उलटता शेपटीच्या तुकड्याला नवं डोकं फुटतं, आणि त्या फिकट डोक्यावर दोन काळे ठिपके उमटतात.

डोळे.

तुमच्याकडे बघत नाहीत. उजेड ओळखतात, आणि वळतात.

१८९८ मध्ये थॉमस हंट मॉर्गन यांनी असे तुकडे करून बघितले. हे तेच मॉर्गन, ज्यांना पुढे फळमाशांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. प्लॅनेरियाच्या २७९ व्या भागाएवढ्या कणातूनही पुरा जीव उभा राहू शकतो, असं त्यांच्या हिशेबात आलं.

आकडा लक्षात ठेवायची गरज नाही. कण डोळ्यांसमोर आणा. दिसेल न दिसेल असा.

त्या कणाला पुढचं टोक कोणतं आणि मागचं कोणतं हे कळतं. पुढच्या कडेला डोकं येतं, मागच्या कडेला शेपूट.

कसं कळतं?

चाइल्ड यांना वाटतं की देहात एक उतार आहे. डोक्याकडे जीवनव्यापार वेगाने चालतात, शेपटीकडे जाताना ते मंदावतात, आणि तुकड्याला आपली जागा या उतारावरून समजते. पुढच्या शास्त्रज्ञांनी हे उत्तर बरंच बदललं, त्याला रेणूंची नावं दिली. तो वाद आज दाराबाहेर राहू द्या.

उतार तेवढा मनात ठेवा.

तुमच्या श्वासालाही उतार आहे. आत येताना चढतो. एक क्षण टेकतो. मग उतरतो.

•

हायमनबाई त्या प्रयोगशाळेत काय करतात?

श्वास मोजतात.

खरंच. १९१९ मध्ये प्लॅनेरियावरचे त्यांचे शोधनिबंध छापून येऊ लागतात. विषय आहे, हा जीव किती ऑक्सिजन घेतो. उपाशी असताना किती. खाल्ल्यावर किती. तुटलेलं अंग पुन्हा घडवत असताना किती.

झाकणबंद बाटली. तिच्यात पाणी. पाण्यात हे जीव. बाटली ठेवून द्यायची. काही तासांनी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती उरला आहे ते रसायनांनी बघायचं. जेवढा कमी झाला, तेवढा त्यांनी घेतला.

त्या काही तासांत बाटलीकडे बघितलं तर काय दिसतं?

काहीच दिसत नाही.

छाती वरखाली होत नाही, कारण छाती नाही. कल्ले नाहीत. फुप्फुसं नाहीत. हृदय नाही. प्राणवायू पाण्यातून त्वचेत जातो आणि त्वचेतून आत, पेशीपर्यंत, नुसता झिरपत. म्हणूनच हा जीव चपटा आहे. त्याच्या अंगातली कुठलीही पेशी पाण्यापासून लांब नाही.

हे वाक्य पुन्हा, सावकाश वाचा.

त्याच्या अंगातली कुठलीही पेशी पाण्यापासून लांब नाही.

आता स्वतःच्या त्वचेकडे लक्ष न्या. मनगटाच्या आतल्या बाजूला. गळ्यापाशी, जिथे कॉलर टेकते. पापण्यांवर.

हवा तिथे येऊन थांबली आहे.

तुमच्या आत ती न्यायला नाक लागतं, फुप्फुसं लागतात, रक्ताची सगळी ये-जा लागते. त्याला काही लागत नाही. तो पाण्यात आहे आणि पाणी त्याच्यात आहे.

थोडा वेळ असेच राहा. आपण श्वास घेतोय हे विसरलं तरी चालेल. तो चालूच राहील.

बशीत कलेजीचा एक बारीक तुकडा सोडा.

तो थबकतो. डोकं किंचित उचलतो, इकडे वळवतो, तिकडे वळवतो. पाण्यात काहीतरी पसरलं आहे. तुम्हाला ते जाणवत नाही. त्याला जाणवतं.

निघतो.

पोचतो, आणि तुकड्यावर अंग पसरतो. तोंड डोक्याला नाही, पोटाच्या मध्यावर आहे. तिथून पांढरी नळी बाहेर येते आणि खाणं आत ओढू लागते. आत आतड्याला तीन मुख्य फाटे. एक पुढे, दोन मागे. त्यांना पुन्हा फाटे, त्यांनाही फाटे. रक्त नसलं की अन्न असं घरपोच न्यावं लागतं.

त्याला खाऊ द्या. घाई कुणाला आहे?

बाटलीतल्या हिशेबात हेही दिसतं. खाल्ल्यानंतर त्याचा ऑक्सिजनचा वापर वाढतो. जेवणानंतर आपल्याही अंगात हेच होत असतं.

आणि खायला मिळालंच नाही तर?

तर तो आखूड होत जातो. महिनोन्‌महिने. सेंटिमीटरभराचा अर्धा सेंटिमीटर होतो, त्याहून लहान होतो. तरी तो तोच असतो. डोकं, डोळे, शेपूट, सगळं जागच्या जागी, सगळं थोडं थोडं कमी. पुढे खायला मिळालं की पुन्हा वाढतो.

असं लहान होणं मनात आणून बघा. कुठलाही भाग न गमावता.

•

आता एक वेगळ्या प्रकारचं बघणं. याला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. आपणही इथे सगळ्यांत जास्त थांबू.

काम करता करता हायमनबाईंच्या ध्यानात येतं की प्रयोगशाळांमध्ये रोज वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांची नावंच अनेकदा चुकीची आहेत. गोड्या पाण्यातला हायड्रा घ्या, हा चपटा जीव घ्या. एका नावाखाली दोन जाती असतात, किंवा एकाच जातीला दोन नावं असतात. लोक मोजमाप घेत आहेत, निष्कर्ष काढत आहेत, पण समोर नेमकं कोण आहे हेच नक्की नाही.

दुसरं कुणी असतं तर वैतागलं असतं. त्या बघायला बसतात.

प्लॅनेरियाची जात बाहेरून ओळखणं अवघड असतं. तपकिरी रंग, त्रिकोणी डोकं, दोन डोळे, एकासारखा दुसरा. फरक आत असतो. हा जीव नर आणि मादी दोन्ही असतो, आणि त्याच्या जननेंद्रियांची आतली रचना जातीगणिक बदलते. ती बघायची तर जीव वयात आलेला हवा. आणि ती एका नजरेत दिसत नाही.

मग असं करायचं.

त्याला द्रावणात घालून आहे तसा स्थिर करायचा. मग अल्कोहोलात ठेवायचा, आधी विरळ, मग दाट, मग त्याहून दाट, म्हणजे अंगातलं पाणी हळूहळू निघून जाईल. घाई केली तर अंग आखडतं. मग वितळलेल्या मेणात. मेण अंगात मुरू द्यायचं. मग गार होऊ द्यायचं.

आता मेणाची एक लहानशी वडी आहे. तिच्यात तो आहे.

वडी मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, बसवायची. चाक फिरवायचं. वडी पात्यावरून खाली येते आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या जाडीचा काप सुटतो. पुन्हा चाक. दुसरा काप पहिल्याच्या कडेला चिकटून येतो. तिसरा दुसऱ्याला.

मेणाची पट्टी लांबत जाते.

श्वास रोखू नका. पण जोराने सोडूही नका; पट्टी उडेल.

ती काचपट्टीवर अलगद पसरायची. सगळे काप क्रमाने. एकही मागेपुढे होता कामा नये. मग मेण धुऊन काढायचं, रंग द्यायचे. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळसर जांभळी होतात, इओसिनने बाकीचं गुलाबी.

आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पहिला काप.

त्यात जवळजवळ काही नाही. कडेची त्वचा, थोडे स्नायू.

दुसरा. तसाच.

दहावा. एक पोकळी दिसू लागते, बारीक.

अकरावा. पोकळी थोडी मोठी.

चाळिसावा. पोकळीच्या भिंतीला एक वळण.

डोळा एक एक काप बघतो, आणि डोक्यात तो जीव पुन्हा एकसंध होत जातो. ही नळी इथून निघते, तिथे वळते, या पिशवीत उतरते. काचेवर कुठेच तो अख्खा दिसत नाही. बघणाऱ्याच्या आत दिसतो.

हे करून बघा. मेणाशिवाय, मायक्रोटोमशिवाय.

आजच्या दिवसाचा एक बारीकसा काप घ्या. सकाळी डोळे उघडले तो क्षण. त्यात जवळजवळ काही नसेल. छताचा रंग. पंख्याची घरघर.

त्याच्या पुढचा काप. तोंडावर पाणी.

पुढचा.

त्यांना जोडायची घाई करू नका. प्रत्येकाजवळ थोडं थांबा.

हायमनबाई असं वर्षानुवर्षं करतात. उत्तर अमेरिकेतल्या प्लॅनेरियांच्या जाती, त्यांची शरीररचना, त्या कुठे कुठे सापडतात, यावर त्यांची लेखमालाच आहे. एवढ्या बघण्यानंतर एका जिवाला एक नाव नीट बसतं.

त्यांना कधीकाळी लेबलं लावायचं काम होतं. पण तो योगायोग फार ताणू नये.

•

एक गंमत मध्येच सांगायला हवी.

शिकागोत विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिकांचे वर्ग घेताना चांगल्या पुस्तकाची उणीव जाणवली म्हणून त्यांनी प्रयोगशाळेसाठी दोन पुस्तकं लिहिली. एक १९१९ मध्ये, प्राथमिक प्राणिशास्त्रावर. दुसरं १९२२ मध्ये, कणा असलेल्या प्राण्यांच्या तुलनात्मक शरीररचनेवर. कणा असलेल्यांमध्ये त्यांना विशेष रस नव्हता. त्यांना मऊ, नाजूक जीव आवडत. पण ते दुसरं पुस्तक कॉलेजा-कॉलेजांतून विकलं गेलं, विकलं जातच राहिलं, आणि त्याच्या मानधनावर त्या नोकरीविना जगू शकल्या.

कणा असलेल्यांनी पैसे पुरवले. ते सगळे बिनकण्याच्यांवर खर्च झाले.

हसू आलं तर येऊ द्या. मनन करताना हसू नये असं कुठे आहे?

१९३१ मध्ये त्या शिकागो सोडतात. युरोपात फिरतात. मग न्यूयॉर्कला, अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या जवळ राहायला येतात, कारण तिथलं ग्रंथालय. १९३७ मध्ये संग्रहालय त्यांना मानद संशोधक म्हणून जागा देतं.

पगार नाही. मदतनीस नाही.

टेबल आहे. पुस्तकं आहेत.

त्या टेबलाशी थोडा वेळ बसू या.

खाली दालनं आहेत. तिथे लोक डायनासोरचे सांगाडे बघायला येतात. पाठीचे मणके, बरगड्या, माना. कण्याचं केवढं वैभव. आणि याच इमारतीतल्या एका खोलीत एक बाई लिहीत आहे. ज्यांना हाडच नाही त्यांच्याविषयी.

पान उलटण्याचा आवाज. दुसरं काही नाही.

जगात कुणी, कुठल्या भाषेत, या जिवांविषयी काय लिहून ठेवलं आहे ते त्या वाचतात. टिपणं काढतात. पडताळतात. मग स्वतःच्या शब्दांत, आखीव, अलंकार नसलेल्या वाक्यांत लिहितात. बरीचशी चित्रंही स्वतःच काढतात. उन्हाळ्यात समुद्रकाठच्या प्रयोगशाळांत जाऊन, जिवंत जीव समोर ठेवून.

१९४० मध्ये पहिला खंड येतो. सातशेहून अधिक पानं. एकपेशीय जीव, स्पंज, पोवळी, जेलीफिश. १९५१ मध्ये दोन खंड. त्यातल्या एकात आपला हा चपटा जीव. १९५५ मध्ये तारामासे आणि समुद्री काकड्या. १९५९ मध्ये अशा लहानसहान गटांचा खंड, ज्यांची नावं प्राणिशास्त्रवाल्यांनाही आठवावी लागतात.

या वर्षांना घाई नाही, हे बघा. एका खंडापासून दुसऱ्यापर्यंत अकरा वर्षं. मग चार. मग पुन्हा चार.

पदकं मिळतात, लिनियन सोसायटीचं सुवर्णपदकही मिळतं, १९६० मध्ये. त्यांची यादी इथे नको. पाणी पुन्हा हलायला लागेल.

•

जमिनीवरही असे चपटे जीव असतात. हायमनबाईंनी त्यांच्यावरही लिहिलं आहे.

पावसाळ्यात कोकणात, सह्याद्रीच्या आजूबाजूला, कधी शहरातल्या कुंडीतही एक लांबट, चकाकणारा जीव ओल्या मातीवरून जाताना दिसतो. डोकं अर्धचंद्राकार. अंग अरुंद आणि चपटं. पाठीवर बहुधा गडद रेघा. हा बायपॅलियम. आपल्या बशीतल्या पाहुण्याचा नातेवाईक. गांडुळं खातो.

लोक त्याला जळू समजतात. मीठ टाकतात.

पुढच्या पावसाळ्यात दिसला तर मिठाचा डबा राहू द्या. बाजूला उकिडवे बसा. पाऊस अंगावर थोडा आला तर येऊ द्या.

तो डोकं उचलेल, डावीकडे नेईल, उजवीकडे नेईल. मातीवर ओली चकाकी उमटत जाईल. पाय दिसणार नाहीत. तरी तो जात असेल.

तेवढा वेळ तुम्हालाही कुठे जायचं नसेल.

•

आता आणखी हळू.

हायमनबाई सत्तरीच्या पुढे आहेत. पार्किन्सनचा आजार आहे. ज्या हातांनी मेणाचे पातळ काप क्रमाने मांडले, ते हात कापतात.

आपला एक हात समोर धरा. बोटं सरळ.

बघा, तोही अगदी स्थिर नाही. नाडीबरोबर बोटांची टोकं हलतात. हे एरवी लक्षात येत नाही.

हात मांडीवर ठेवा. जड होऊ द्या.

त्या सहावा खंड लिहीत आहेत. मृदुकाय प्राण्यांचा पहिला भाग. लिहिणं थांबत नाही. फक्त सावकाश होतं. १९६७ मध्ये खंड येतो. त्याच्या प्रस्तावनेत त्या सांगतात की आता आपण या कामातून निवृत्त होत आहोत. अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या अभ्यासाला चालना मिळावी हा मूळ हेतू होता, तो साधला, आणि आपण समाधानी आहोत.

समाधानी. या शब्दाजवळ एक पूर्ण श्वास थांबा.

कारण काम पुरं झालेलं नाही, आणि त्यांना ते ठाऊक आहे.

१९६९ मध्ये संग्रहालय त्यांना सुवर्णपदक देतं. त्याच वर्षी ३ ऑगस्टला त्या जातात.

सहाव्या खंडात गोगलगायी आहेत, शंखातले जीव आहेत. तिथे पानं संपतात. शिंपले आणि कालवं राहिली. माकूल राहिलं, आठ हातांचा ऑक्टोपस राहिला. गांडुळं आणि जळवा राहिल्या. खेकडे, कोळंबी, विंचू, कोळी, गोमी, टोळ, भुंगे, डास, ज्यांच्या जातींची संख्या बाकी सगळ्या प्राण्यांच्या जातींच्या बेरजेहून मोठी आहे, त्यांच्यापर्यंत त्या पोचल्याच नाहीत.

बशीतलं पाणी आता शांत असेल. बशी तिथेच राहू द्या आणि डोळे खोलीभर फिरवा. भिंतीच्या कडेला, खिडकीच्या चौकटीवर, साखरेच्या डब्याच्या झाकणापाशी.

मुंगी असेल. बहुतेक असतेच.

ती हायमनबाईंच्या सहा खंडांत नाही. तिच्याकडे तुम्हालाच बघावं लागेल.